व्यथेतून लाभलेले जीवितकार्य : छायाचित्रकार डोरोथिया लँग

एका फाटक्या तंबूच्या तोंडाशी बसलेली स्त्री, तिच्या दोन्ही खांद्यांवर माना टेकवून पाठमोरी उभी असलेली दोन मुले, कुशीत झोपी गेलेले तान्हे मूल, गालाशी नेलेला उजवा हात आणि दूर कोठेतरी खिळलेली चिंतातुर नजर. १९३६ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्निया राज्यातील निपोमो या गावाजवळ घेतलेले हे छायाचित्र ‘स्थलांतरित माता’ या नावाने जगभर परिचित आहे. विसाव्या शतकात सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. महामंदीच्या काळातील ग्रामीण अमेरिकेची दैन्यावस्था या एका चित्राने असंख्य लोकांपर्यंत पोहोचविली.

हे छायाचित्र घेणाऱ्या डोरोथिया लँग त्या वेळी चाळीस वर्षांच्या होत्या आणि अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या सेवेत होत्या. वयाच्या सातव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झालेला होता. बाराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले होते. पुढे मंदीच्या झळा त्यांच्या घरालाही लागल्या आणि लहान मुलांना दुसऱ्यांच्या घरी ठेवण्याची पाळी त्यांच्यावर आली. या सर्व आघातांतून त्यांनी कॅमेऱ्याच्या आधारे स्वतःसाठी एक जीवितकार्य शोधले. आपल्या दुःखाची जाणीव दुसऱ्याचे दुःख समजून घेण्यासाठी कशी उपयोगात आणता येते, याचे त्यांचे जीवन हे एक बोलके उदाहरण आहे. शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांनी मुद्दाम अभ्यासावे, असे त्यात बरेच काही आहे.

बालपणातील दोन आघात

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकेन या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. वडील व्यवसायाने वकील होते. १९०२ मध्ये तिला पोलिओ झाला. त्या काळी या रोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध नव्हती; ती पुढे अर्धशतकाने, १९५५ मध्ये आली. तापातून मुलगी वाचली, परंतु उजव्या पायाची पोटरी आणि पाऊल कायमचे दुबळे झाले. बरोबरीची मुले तिला लंगडी म्हणून चिडवीत. चारचौघांत जाताना नीट चालण्याचा प्रयत्न कर, असे आईही बजावीत असे. आपले व्यंग ही आईला लपविण्याजोगी गोष्ट वाटते, हा सल त्या मुलीच्या मनात दीर्घकाळ राहिला.

१९०७ मध्ये वडील कुटुंब सोडून निघून गेले. मुलीने त्यांना कधीही क्षमा केली नाही. पुढे वडिलांचे नुट्झहॉर्न हे आडनाव टाकून तिने आईचे माहेरचे ‘लँग’ हे नाव धारण केले. संसार चालविण्यासाठी आईने न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी धरली आणि मुलीला तेथील शाळेत घातले. शहराचा हा भाग युरोपातून आलेल्या गरीब ज्यू निर्वासितांनी गजबजलेला होता. शाळा सुटल्यावर डोरोथिया ग्रंथालयाच्या खिडकीतून समोरच्या घरांतील माणसांचे जीवन न्याहाळीत बसे. घरी परतताना तिला बेघर आणि मद्यपी लोकांनी भरलेल्या बॉवरी या वस्तीतून एकटीने जावे लागे. कोणाचेही लक्ष आपल्याकडे जाणार नाही अशा रीतीने चालावयाचे आणि स्वतः मात्र सर्व काही पाहावयाचे, ही कला तिने तेथे भीतीपोटी आत्मसात केली. पुढील काळात हीच सवय तिच्या व्यवसायाचे भांडवल ठरली.

उतारवयात आपल्या पायाविषयी बोलताना लँग यांनी स्पष्टपणे सांगितले की, आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच होय. तिने आपल्याला घडविले, शिकविले, साहाय्य केले आणि अपमानितही केले, असे त्यांचे म्हणणे होते. व्यंगाने माणूस आपोआप थोर होतो असा भाबडा दावा त्यांनी कधी केला नाही. साहाय्य आणि अपमान या दोहोंचा त्यांनी एकाच दमात उल्लेख केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिक्षिकेऐवजी छायाचित्रकार

१९१३ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर मुलीने शिक्षिका व्हावे अशी आईची इच्छा होती. डोरोथियाने छायाचित्रकार होण्याचा मनोदय जाहीर केला. विशेष म्हणजे तोपर्यंत तिच्या हाती स्वतःचा कॅमेरा कधी आलेला नव्हता. आईच्या आग्रहाखातर तिने अध्यापक विद्यालयात नाव घातले, पण मन रमले नाही. न्यूयॉर्कमधील नामांकित छायाचित्रकारांच्या हाताखाली उमेदवारी करून तिने धंद्याची सर्व अंगे शिकून घेतली. प्रकाशयोजना, गिऱ्हाइकाशी बोलणे, निगेटिव्ह धुणे, प्रती काढणे, त्यांवर हात फिरवणे, कोणतेही काम तिने कमी मानले नाही.

१९१८ मध्ये एका मैत्रिणीसह जगप्रवासाचा संकल्प करून ती निघाली. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच त्यांचे पैसे चोरीस गेले आणि जगप्रवास तेथेच संपला. दुसऱ्याच दिवशी तिने फिल्म धुऊन देणाऱ्या एका दुकानात नोकरी मिळविली. वर्षभरात, म्हणजे १९१९ मध्ये, स्वतःचा स्टुडिओ उघडला. शहरातील धनिक कुटुंबे तेथे व्यक्तिचित्रे काढून घेण्यासाठी येऊ लागली. १९२० मध्ये चित्रकार मेनार्ड डिक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२५ आणि १९२८ मध्ये दोन मुलगे झाले.

खिडकीबाहेरचे जग

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत त्या देशातील दर चार कामगारांपैकी सुमारे एक बेकार झाला होता. व्यक्तिचित्रे काढून घेण्याची हौस कोणाला राहिली नाही. चित्रकाराची चित्रेही विकली जाईनात. भाड्याचा खर्च वाचविण्यासाठी पतिपत्नी आपापल्या स्टुडिओत राहू लागले आणि मुलांना पैसे देऊन परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. हा निर्णय लँग यांच्या जिव्हारी लागला. त्याबद्दलची टोचणी त्यांना आयुष्यभर होती.

याच काळात त्यांच्या स्टुडिओच्या खिडकीखालून बेकारांचे तांडे भटकत असत. आत धनिकांची चित्रे आणि बाहेर भुकेली माणसे, ही विसंगती त्यांना असह्य झाली. १९३३ मध्ये त्या कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या. जवळच एका परोपकारी विधवेने भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालविले होते. तेथे रांगेत उभ्या असलेल्या पाठमोऱ्या गर्दीत एक वृद्ध इसम कठड्यावर हात टेकून, गर्दीकडे पाठ करून उभा होता. चुरगळलेली टोपी डोळ्यांवर आलेली, दोन्ही हात घट्ट गुंफलेले, बाहूंच्या मध्ये पत्र्याचे रिकामे भांडे. ते चित्र त्यांनी घेतले. ‘व्हाइट एंजल ब्रेडलाइन’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. घेतले तेव्हा त्याचे काय करावयाचे, हे लँग यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ते स्टुडिओच्या भिंतीवर लावले. अशा चित्रांचा उपयोग काय, असे गिऱ्हाइके विचारीत.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना शासकीय कार्यातून मिळाले.

टंकलेखकाच्या पदावर छायाचित्रकार

कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर हे स्थलांतरित शेतमजुरांच्या प्रश्नाचे अभ्यासक होते. १९३४ मध्ये एका प्रदर्शनात लँग यांची छायाचित्रे त्यांच्या पाहण्यात आली. आपल्या आकडेवारीला जे साधत नाही ते या चित्रांना साधते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३५ मध्ये राज्याच्या संकटकालीन मदत प्रशासनाने टेलर यांच्याकडे शेतमजुरांच्या स्थितीच्या पाहणीचे काम सोपविले, तेव्हा त्यांनी छायाचित्रकाराची मागणी केली. मंजूर पदांच्या यादीत असे पद नव्हते. अखेरीस लँग यांची नेमणूक टंकलेखक म्हणून दाखविण्यात आली आणि फिल्म व इतर साहित्याचा खर्च लेखनसामग्रीत घालण्यात आला. आस्थापनेच्या नियमांतून वाट काढण्याचा हा प्रकार कोणत्याही कार्यालयातील अनुभवी कर्मचाऱ्याला ओळखीचा वाटेल.

ज्यांच्या पाहणीसाठी हे पथक निघाले, ते मजूर कोण होते? १९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा इत्यादी राज्यांत भीषण अवर्षण पडले. गवताळ माळ नांगरून मोकळी केलेली जमीन वाऱ्याबरोबर उडू लागली. धुळीच्या वादळांनी गावे झाकोळली. शेतीमालाचे भाव आधीच कोसळलेले होते आणि ट्रॅक्टर आल्यामुळे कुळांची गरजही घटली होती. लक्षावधी माणसे जुन्या मोटारींवर बाडबिस्तरा लादून पश्चिमेकडे निघाली. कॅलिफोर्नियातील मोठ्या बागाइतदारांकडे ती मटार, कापूस, फळे तोडण्याच्या हंगामी कामावर राबत. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे बिऱ्हाड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या जीवनाची कल्पना सहज येईल. पाण्याची सोय नाही, शौचकूप नाही, मुलांची शाळा नाही आणि मतदार म्हणून कोठे नोंद नाही.

टेलर आणि लँग यांनी तयार केलेल्या अहवालांत आकडे, मजुरांच्या तोंडची वाक्ये आणि छायाचित्रे एकत्र बांधलेली होती. मजुरांसाठी स्वच्छ छावण्या उभारण्याची शिफारस त्यांत होती. वरिष्ठांसमोर अहवाल ठेवल्यावर प्रारंभी २०,००० डॉलर मंजूर झाले आणि मेरीजव्हिल व आर्विन येथे छावण्या उभ्या राहिल्या. त्यांत पाणी, स्नानगृहे आणि शौचकूप यांची व्यवस्था करण्यात आली. छायाचित्राचा उपयोग काय, या प्रश्नाला मिळालेले हे पहिले रोकडे उत्तर होय.

त्याच वर्षी लँग यांना संघराज्य शासनाच्या पुनर्वसन प्रशासनात अधिकृतपणे छायाचित्रकाराची जागा मिळाली. १९३७ मध्ये हेच खाते शेती सुरक्षा प्रशासन या नावाने ओळखले जाऊ लागले. रॉय स्ट्रायकर हे त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख होते. डिक्सन यांच्यापासून विभक्त होऊन १९३५ च्या डिसेंबरमध्ये लँग यांनी टेलर यांच्याशी विवाह केला. पुढील तीस वर्षे दोघांनी बरोबरीने काम केले.

काम करण्याची पद्धत

लँग यांचा कॅमेरा वजनदार होता. त्यातील निगेटिव्ह चार इंच बाय पाच इंच आकाराचे असे आणि वरच्या बाजूने खाली मान घालून त्यात पाहावे लागे. अशा यंत्राने लपूनछपून चित्रे घेणे शक्यच नव्हते. मजुरांच्या तळावर त्या लंगडत, सावकाश चालत जात. पिण्यास पाणी मागत आणि ते संथपणे पीत. आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगत. मुलांना कॅमेरा हाताळू देत. माणसांना संकोच वाटतो असे दिसले, तर थांबत. आपल्या लंगडण्यामुळे ही माणसे आपल्याला परके मानीत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. धडधाकट, घाईत असलेल्या अधिकाऱ्याशी जे कोणी बोलले नसते, ते या बाईंशी बोलत. बालपणी जे पाऊल लपविण्यास शिकविले गेले, त्यानेच अनोळखी माणसांची दारे उघडली.

चित्र घेतल्यावर त्या मोटारीत येऊन बसत आणि ऐकलेली वाक्ये शक्य तितकी मूळ शब्दांत वहीत उतरवीत. माणूस कोठून आला, मजुरी किती मिळते, मुले किती, जमीन कशी गेली, या नोंदींतून छायाचित्राखालील ओळी तयार होत. नुसते चित्र पाहणाऱ्याला हळहळ वाटते. चित्र आणि नोंद मिळून त्याला परिस्थितीचे कारण कळते, अशी त्यांची धारणा होती. १९३९ मध्ये टेलर यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ‘अॅन अमेरिकन एक्सोडस’ या ग्रंथात हीच पद्धत वापरण्यात आली आहे.

निपोमोची छावणी

१९३६ च्या मार्चमध्ये महिनाभराचा एकटीचा दौरा आटोपून लँग पावसातून घराकडे निघाल्या होत्या. वाटेत मटार तोडणाऱ्यांच्या छावणीची पाटी दिसली. दमलेल्या असल्याने त्या पुढे निघून गेल्या. पण सुमारे वीस मैल गेल्यावर त्यांनी मोटार परत फिरविली. गारठ्याने मटाराचे पीक गेले होते. काम नव्हते, मजुरी नव्हती आणि अडीच हजारांवर माणसे उपाशी पडली होती. तेथे त्या एका स्त्रीजवळ गेल्या आणि क्रमाक्रमाने पुढे सरकत त्यांनी काही चित्रे घेतली. त्यातले शेवटचे चित्र जगप्रसिद्ध झाले. या सर्वाला सुमारे दहा मिनिटे लागली.

घरी पोहोचताच लँग यांनी काही प्रती सॅन फ्रान्सिस्कोतील एका वृत्तपत्राला दिल्या. छायाचित्रांसह बातमी आली आणि संघराज्य शासनाने २०,००० पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन, अन्नधान्य त्या छावणीकडे रवाना केले. अहवाल नेहमीच्या मार्गाने वर जाण्यास जो अवधी लागला असता, तो तेथील भुकेल्या मुलांपाशी नव्हता. वेळेवर पोहोचलेल्या छायाचित्राचे मोल या घटनेवरून कळते.

चित्रातील मातेचे म्हणणे

या कथेची दुसरी बाजूही सांगणे अवश्य आहे. लँग यांनी त्या स्त्रीचे वय बत्तीस असल्याचे आणि तिला सात मुले असल्याचे नोंदविले, पण नाव विचारले नाही. तब्बल बेचाळीस वर्षांनी, १९७८ मध्ये, तिची ओळख पटली. ती होती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी या जमातीची होती. १९३१ मध्ये पती क्षयाने वारल्यानंतर शेतमजुरी करून ती मुलांना वाढवीत होती. निपोमोला तिचे कुटुंब मोटार बिघडल्यामुळे थांबले होते. अन्न घेण्यासाठी कुटुंबाने मोटारीचे टायर विकले, असे जे लँग यांनी लिहिले होते, ते तिच्या घरच्यांनी खोटे ठरविले. मदतीचे धान्य छावणीत आले तेव्हा हे कुटुंब पुढच्या गावी निघून गेलेले होते. हे चित्र घेतलेच नसते तर बरे झाले असते, त्यापासून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी व्यथा तिने बोलून दाखविली.

पैसा लँग यांनाही मिळालेला नव्हता. शासकीय नोकरीत घेतलेले चित्र जनतेच्या मालकीचे होते आणि त्यावर कोणाचाच स्वामित्वहक्क नव्हता. तथापि छायाचित्रकाराला कीर्ती मिळाली आणि चित्रातील स्त्रीच्या वाट्याला दारिद्र्याचे प्रतीक म्हणून ओळखले जाणे आले. १९८३ मध्ये ती गंभीर आजारी पडली, तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले. देशभरातून ३५,००० डॉलरहून अधिक रक्कम आणि सुमारे दोन हजार पत्रे आली. आईचे चित्र लोकांना केवढा धीर देत होते, हे त्या पत्रांवरून कळल्याचे मुलांनी सांगितले. त्याच वर्षी ती निवर्तली.

दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र घेणाऱ्यावर त्या माणसाचे ऋण असते. त्याचे नाव विचारणे, त्याचे म्हणणे बिनचूक लिहिणे आणि चित्र कोठे जाणार आहे हे त्याला सांगणे, एवढी त्या ऋणाची किमान फेड आहे. लँग यांच्यासारख्या सहृदय व्यक्तीकडूनही घाईच्या दहा मिनिटांत ती राहून गेली.

कसोटीचा प्रसंग

१९४२ मध्ये लँग यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. या स्थलांतराच्या चित्रणासाठी शासनाने लँग यांना नेमले. त्यांनी जे दिसले ते टिपले. गळ्यात क्रमांकाच्या चिठ्ठ्या अडकविलेली मुले, बंद झालेली दुकाने, शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन करणारे चिमुकले चेहरे. लष्कराला ही चित्रे अडचणीची वाटली आणि युद्धकाळात ती प्रकाशात येऊ दिली गेली नाहीत. मात्र ती नष्ट झाली नाहीत. राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाली. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली. तोवर लँग यांच्या निधनास तेवीस वर्षे झाली होती. आपल्या कामाचे चीज आपल्या हयातीतच होईल अशी खात्री नसतानाही त्यांनी ते मनोभावे केले होते.

आजारपण आणि अखेरची वर्षे

१९४५ नंतर पोटाच्या व्रणांनी आणि अन्ननलिकेच्या विकाराने लँग यांना ग्रासले. शस्त्रक्रिया झाल्या, अनेक महिने अंथरुणात गेले. काही वर्षे कॅमेरा जवळजवळ बाजूला पडला. प्रकृतीने थोडी साथ देताच त्यांनी पुन्हा काम सुरू केले. दूरचे दौरे जमत नसत, तेव्हा घर, अंगण, ओकवृक्ष आणि नातवंडे हेच त्यांचे विषय झाले.

१९५७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील कलाशाळेत शिकविताना त्यांनी विद्यार्थ्यांना एक विषय दिला : आपण जेथे राहतो त्या जागेचे चित्र घ्या, ती जागा घरच असली पाहिजे असे नाही. विद्यार्थ्यांनी त्यांनाही स्वतःचे उत्तर विचारले. लँग यांनी आपल्या वाकड्या उजव्या पावलाचे छायाचित्र पुढे ठेवले. पन्नास वर्षांहून अधिक काळ लांब झग्याखाली आणि पायघोळ विजारीखाली झाकलेले पाऊल त्यांनी अखेर स्वतःच्याच कॅमेऱ्यासमोर उघडे केले.

१९६४ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविण्याचे ठरविले होते. उरलेले दिवस त्यांनी जुन्या चित्रांची निवड व मांडणी करण्यात घालविले. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. १९६६ च्या जानेवारीत प्रदर्शन उघडले. त्या संग्रहालयाने एका स्त्री-छायाचित्रकाराला दिलेला असा हा पहिलाच बहुमान होता.

आपल्या कार्यक्षेत्रात

लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत आणि कोणालाही त्या पाहता येतात. एका अवघड दशकाचा लेखाजोखा त्यामुळे समाजाच्या हाती राहिला. महाराष्ट्रानेही १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडणारी आणि तलावांची माती वाहणारी लक्षावधी माणसे त्या कामांवर होती आणि त्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी अधिनियम आकाराला आला. अनेक गावांत त्या दिवसांची छायाचित्रे जुन्या ट्रंकांत, शाळेच्या कपाटांत किंवा घरच्या भिंतींवर आजही असतील. त्यांमागे नाव, गाव आणि वर्ष लिहून ती ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एकत्र केली, तर गावाचा इतिहास गावापाशी राहील. हे काम करण्यास वृद्धांच्या आठवणी आणि विद्यार्थ्यांचे हात पुरेसे आहेत.

आज छायाचित्र घेण्यास भारी यंत्र लागत नाही. घरकुलाच्या बांधकामाचा प्रत्येक टप्पा मोबाइल दूरध्वनीने टिपला जातो. अशी चित्रे काम झाल्याचा पुरावा म्हणून नस्तीत जातात आणि तेवढ्याने त्यांचे काम संपते. त्याच चित्राबरोबर लाभार्थी काय म्हणतो हे दोन ओळींत नोंदविले, तर तीच नस्ती पुढच्या निर्णयाला दिशा देऊ शकेल. चित्र घेण्यापूर्वी संमती विचारणे आणि मदत स्वीकारताना कोणाला दीनवाणे उभे न करणे, ही दक्षता निपोमोच्या मातेचे म्हणणे ऐकल्यावर प्रत्येकाने बाळगावयास हवी.

ज्या रोगाने लँग यांचे पाऊल वाकविले, त्यावर भारताने विजय मिळविला आहे. १९९५ पासून चाललेल्या पल्स पोलिओ मोहिमेत शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य घरोघर फिरले; २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणित केले. परंतु त्यापूर्वी या रोगाने अधू झालेली माणसे आज प्रौढ वयात आपल्यामध्ये वावरत आहेत आणि अन्य कारणांनी दिव्यांग झालेली मुले प्रत्येक शाळेत आहेत. अशा मुलाला नीट चालण्याचा प्रयत्न कर असे बजावण्यापूर्वी त्याला काय दिसते, ते विचारणे अधिक हिताचे ठरेल. त्याच्या हाती वही द्यावी, रंग द्यावेत, शक्य असेल तेथे कॅमेरा द्यावा. सर्वच मुले त्यातून कलावंत होतील असे नाही. पण आपल्या पाहण्याला किंमत आहे, हा विश्वास त्यांना लाभेल आणि त्या विश्वासावर पुढचे आयुष्य उभे राहू शकेल.